वाढीव खोलीचे छप्पर : आधी भिंत पाहावी, मग छप्पर ठरवावे

सुगी आटोपून कापसाचे, मक्याचे आणि सोयाबीनचे पैसे हाती आले, की भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारख्या गावांत बांधकामाच्या गोष्टी सुरू होतात. थोरल्या मुलाचे लग्न ठरलेले असते, धाकट्याला अभ्यासास जागा नसते, बी-बियाणे व खतांच्या पिशव्या माजघरात माणसांच्या अंथरुणाशेजारी रचलेल्या असतात. घरास एक खोली जोडावयाची हे घरातील सर्वांस मान्य असते. भिंती विटांच्या असाव्यात, याविषयीही फारसा वाद होत नाही. वाद होतो तो छपराविषयी. वडीलधारी मंडळी माळवदाच्या गारव्याची आठवण काढतात, तरुणांस स्लॅब हवा असतो, आणि खर्चाचा आकडा ऐकल्यावर बहुधा पत्र्यावर तडजोड होते. या सर्व चर्चेत ज्या भिंतीवर हे छप्पर बसावयाचे, तिचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

छपराची निवड ही प्रतिष्ठेची किंवा केवळ पहिल्या खर्चाची बाब नाही. जुन्या घरास नवी खोली जोडताना भिंतीची ताकद, हाताशी असलेले पाणी आणि खोलीचा उपयोग या तीन गोष्टी पाहून छप्पर ठरविणे इष्ट होय. असा विचार केला असता हसनाबाद परिसरातील बहुतेक जुन्या घरांस हलके छप्परच अधिक हितावह आहे, असे दिसून येईल. स्लॅब वाईट नाही. परंतु तो अटींवर घेण्याची वस्तू आहे, आणि त्या अटी पुऱ्या होत नसतील तर तो घेऊ नये.

माळवद : गुण आणि दोष

मराठवाड्याचे जुने घर म्हणजे धाब्याचे घर. दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, त्यांवर सागाच्या किंवा बाभळीच्या तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचन आणि त्यावर गावच्या पांढरीची चिकण माती, अशी त्याची रचना. ज्या मुलखात पाऊस वर्षाकाठी सुमारे साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पडतो आणि उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, त्या मुलखास हे छप्पर साजेसेच होते. मातीचा जाड थर दुपारचे ऊन आत येऊ देत नाही. सपाट धाब्यावर मिरची, डाळी, सांडगे वाळविता येतात आणि वैशाखात रात्री निजता येते. लाकूड आसपासच्या रानातून व माती गावातूनच मिळत असल्याने रोख पैसाही फारसा लागत नसे. पूर्वजांनी हे छप्पर निवडले ते अडाणीपणाने नव्हे.

पण या छपराचा एक दोष वर्षावर्षाने वाढत जातो. पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी धाब्यावर नवी माती पसरण्याची चाल आहे. जुनी माती उतरविण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. त्यामुळे आजोबांच्या वेळी वीतभर असलेला थर नातवाच्या काळी हातभर होतो. खाली तुळईला वाळवी लागलेली असते, भिंतीत पावसाचे पाणी मुरलेले असते, आणि वरचे ओझे मात्र वाढतच राहते.

या ओझ्याचा परिणाम मराठवाड्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पाहिला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपी गेले होते. चार वाजण्याच्या सुमारास लातूर व धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांच्या सीमेवर किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्यात सुमारे आठ ते दहा हजार माणसे दगावली आणि पन्नासहून अधिक गावे उद्ध्वस्त झाली. भूकंपाचे मान सहाच्या थोडे वर होते. तेवढ्या मानाचे धक्के जगात दरवर्षी अनेक ठिकाणी बसतात आणि प्रत्येक ठिकाणी इतकी प्राणहानी होत नाही. येथे ती झाली, कारण दगडमातीच्या जाड भिंतींचे आतले व बाहेरचे थर एकमेकांपासून सुटले आणि त्यांवरील मातीचे छप्पर झोपलेल्या माणसांवर आले. लाकडी खांबांच्या सांगाड्यावर ज्यांचे छप्पर पेललेले होते, अशी काही घरे भिंती ढासळूनही उभी राहिली. त्यापूर्वीच्या भूकंप-नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. हसनाबाद किल्लारीपासून दूर आहे हे खरे. तथापि ‘आमच्याकडे असे होत नाही’ हे आश्वासन किल्लारीकरांनाही वाटतच होते.

म्हणून नव्या खोलीवर मातीचे धाबे घालू नये, आणि जुन्या धाब्यावरील वाढलेला थर उतरवावा. भूकंपानंतर मराठवाड्यात घरांची जी दुरुस्ती झाली, तीत माळवदावरील माती कमी करणे हा एक मुख्य उपाय होता. थर वीतभर ठेवून त्याखाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला, तर पाणीही अडते आणि ओझेही घटते. नवी खोली जोडण्याच्या निमित्ताने मजूर व शिडी-घमेली घरी आलेलीच असतात. त्याच वेळी हे काम उरकून घेणे सोपे जाते.

वजनाचा हिशेब

छपराची तुलना करताना शेतकरी रुपयांचा हिशेब करतो, परंतु किलोचा करीत नाही. तो एकदा करून पाहावा. खोली चार मीटर रुंद व पाच मीटर लांब, म्हणजे सुमारे तेरा फूट बाय साडेसोळा फुटांची आहे असे धरू. तिचे छप्पर २० चौरस मीटर भरते.

मातीचा थर दीड फुटाचा झाला असेल, तर दर चौरस मीटरला सुमारे ७०० किलो वजन पडते. म्हणजे एवढ्या खोलीवर १४ टन. पाच इंचांच्या आतबाहेरील काँक्रीटचा स्लॅब दर चौरस मीटरला ३०० किलोच्या घरात जातो; म्हणजे ६ टन, आणि वर गळतीरोधक थर व गिलावा केल्यास त्याहून अधिक. मंगलोरी कौले रिपा-वाशांसह चौरस मीटरला सुमारे ६५ किलो भरतात. म्हणजे सव्वा टनाच्या आसपास. सिमेंटचा पन्हाळी पत्रा सुमारे १६ किलो आणि अर्धा मिलिमीटर जाडीचा जस्ती पत्रा सुमारे ५ किलो. म्हणजे जस्ती पत्र्याचे सगळे छप्पर लोखंडी अँगलसह तीन-चार क्विंटलांत आटोपते.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवले, की पुष्कळ गोष्टी आपोआप उमगतात. जी भिंत ३ क्विंटलांस पुरेशी आहे ती ६ टनांस पुरेलच असे नाही. आणि संकटाच्या वेळी डोक्यावर काय येणार, याचेही उत्तर याच आकड्यांत आहे.

स्लॅबचा मोह आणि त्याच्या अटी

स्लॅबच्या बाजूने जे बोलले जाते ते खोटे नाही. गारपिटीस तो दाद देत नाही, आणि ११ फेब्रुवारी २०१८ ची गारपीट जालना जिल्ह्याच्या स्मरणात आहे. वादळात तो उडत नाही. चोरास वरून वाट मिळत नाही. धाब्याचे सारे उपयोग गच्चीवर होतात. पुढे मजला चढविण्याची सोय राहते. मुलीकडची मंडळी घर पाहावयास आली म्हणजे त्यांची दृष्टीही प्रथम छपराकडे जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. सळईसाठी दूर जावे लागत नाही. जालना हे पोलाद-सळईच्या कारखान्यांचे शहर आहे आणि तेथील माल सर्वत्र जातो.

तरीही पुढील चार अटी पुऱ्या होत असतील तरच स्लॅबचा विचार करावा.

पहिली अट भिंतीची. जुन्या दगडमातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीवर स्लॅबची एक कड टेकवून दुसरी कड नव्या भिंतीवर ठेवण्याचा प्रकार सर्रास दिसतो. त्याने एक भिंत वाचते खरी, परंतु सहा टनांचा निम्मा भार मातीच्या भिंतीवर जातो. जुनी भिंत आपल्या जागी बसून गेलेली असते, नवी अद्याप बसावयाची असते. दोघी सारख्या खचत नाहीत, आणि मधोमध तडा जातो. वाढीव खोलीचा स्लॅब स्वतःच्या चारी भिंतींवर किंवा स्वतःच्या खांबांवरच असला पाहिजे. जुन्या व नव्या भिंतींत इंचभर फट मुद्दाम सोडावी आणि वरून पत्र्याची पट्टी वाकवून ती झाकावी. ही फट म्हणजे कामातील उणीव नसून दोन्ही घरांस मोकळा श्वास घेऊ देणारी सोय आहे.

दुसरी अट पायाची. या भागातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कापसास जी जमीन वरदान, तीच घराच्या पायास शाप. पाया काळी माती ओलांडून कठीण मुरमापर्यंत नेल्याखेरीज स्लॅबचे ओझे तिच्यावर ठेवू नये. काळी आणि पांढरी असे दोन शब्द पूर्वजांनी उगाच केले नाहीत. पिकवावयाचे काळीवर, राहावयाचे पांढरीवर, हा त्यांचा अनुभव होता. हल्ली गावठाण अपुरे पडून वस्त्या शेतात सरकल्या आहेत, तेव्हा ही दक्षता पूर्वीपेक्षा अधिक घ्यावी लागते.

तिसरी अट मालाची व कारागिराची. आठ मिलिमीटर सळईचे वजन मीटरला ३९५ ग्रॅम, दहाचे ६१७ ग्रॅम आणि बाराचे ८८८ ग्रॅम भरले पाहिजे. बारा मीटर लांबीची आठ मिलिमीटरची एक सळई पावणेपाच किलोंच्या जवळपास भरते. शेतकरी कापसाचा एकेक किलो काट्यावर पाहतो, त्याने सळईही काट्यावर घालण्यास संकोच करू नये. काँक्रीटमध्ये पाणी जितके जास्त तितका स्लॅब कच्चा. मिश्रण थापीखाली सहज सरकावे म्हणून गवंडी बादलीमागून बादली ओततो, त्यास घरधन्याने रोखले पाहिजे. सळईखाली सिमेंटचे ठोकळे ठेवून तिच्या खालून काँक्रीटचे पाऊण इंचाचे आवरण राहील असे पाहावे. सळई उघडी राहिली की गंज धरतो, गंजाने ती फुगते आणि दहा-पंधरा वर्षांत छताचे पोपडे खाली पडू लागतात.

चौथी अट पाण्याची, आणि हसनाबादच्या दृष्टीने हीच सर्वांत मोठी. स्लॅब ओतल्यानंतर किमान सात दिवस, आणि शक्य तर चौदा दिवस, तो सतत ओला ठेवावा लागतो. सिमेंट वाळून घट्ट होत नाही; पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. वीस चौरस मीटरच्या स्लॅबवर आळी करून दीड इंच पाणी उभे करावयाचे म्हटले तरी पहिल्याच भरणीस सुमारे ८०० लिटर लागतात. उन्हाने उडणाऱ्या पाण्याची रोजची भर निराळी. आता बांधकामे बहुधा केव्हा होतात ते पाहावे. शेते मोकळी, मजूर मोकळे, पावसापूर्वी छप्पर हवे, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत. नेमक्या याच महिन्यांत विहिरी तळ गाठतात. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांना आठवतो आणि २०१२-१३ चा सर्वांनाच. त्या वर्षी जालना जिल्हा राज्यातील अतिशय होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी होता. जेथे पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे स्लॅबला कोण पाजणार? मग दिवसातून दोनदा चार बादल्या शिंपडून समाधान मानले जाते. वरून तो स्लॅब टणक दिसतो, आत मात्र तो अर्धाकच्चाच राहतो आणि पहिल्याच पावसाळ्यात पाझरतो.

यावर उपाय साधा आहे. स्लॅब घालावयाचाच असेल तर तो दिवाळीनंतर, मार्गशीर्ष-पौषात घालावा. विहिरीस पाणी असते, ऊन सौम्य असते आणि सुगीचा पैसाही त्याच सुमारास हाती येतो. स्लॅबवर गोणपाट किंवा भुसा पसरून तो भिजत ठेवल्यास पाणी आणखी कमी लागते. ज्या वर्षी पाऊस कमी झाला असेल त्या वर्षी स्लॅबचा बेत पुढील वर्षावर टाकावा. दुष्काळी वर्षी कर्ज काढून घातलेला आणि पाण्याअभावी कच्चा राहिलेला स्लॅब म्हणजे दुहेरी नुकसान होय.

पत्रा : स्वस्त, हलका, पण निष्काळजीपणास न सोसणारा

जस्ती पत्र्याचे दोन दोष सर्वज्ञात आहेत. उन्हाळ्यात तो तापतो, आणि वावटळीत उडतो. हे दोन्ही दोष पत्र्यात आहेत त्याहून अधिक तो बसविण्याच्या पद्धतीत आहेत.

प्रथम वाऱ्याचे पाहू. मराठवाड्याच्या या भागासाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदास ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर, धरला आहे. अशा वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ९० किलोंच्या आसपास जातो. पत्र्याचे स्वतःचे वजन त्याच जागेस ५ किलो. तेव्हा पत्रा आपल्या वजनाने जागी राहील ही अपेक्षाच व्यर्थ. तो खाली बांधून ठेवला पाहिजे. गावोगावी यावर उपाय म्हणून पत्र्यावर मोठाले दगड ठेवलेले दिसतात. याहून घातक पद्धत दुसरी नसेल. वळवाचा वारा सुटला की पत्रा उचलला जातो आणि दगड आत निजलेल्या माणसांवर पडतात. अशा अपघातांच्या वार्ता जवळजवळ दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत येतात, आणि त्यांत बळी जातात ती बहुधा लहान मुले. पत्र्यावर एकही दगड असू नये. दगड ठेवण्याची गरज भासते याचा अर्थ पत्रा नीट बांधलेला नाही.

पत्रा अर्ध्या मिलिमीटरहून पातळ घेऊ नये. आडव्या नळ्या किंवा अँगल एकमेकांपासून चार फुटांच्या आत असावेत. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर, रबरी वॉशरसह बसवावेत. खोलगटावर बसविलेला स्क्रू गळतो. दोन पत्र्यांची बाजूची जोड दीड पन्हळीची आणि लांबीतील जोड निदान सहा इंचांची ठेवावी. भिंतीबाहेर पत्रा दीड फुटाहून अधिक काढू नये, कारण वारा प्रथम वळचणीखाली शिरतो. कडेच्या व कोपऱ्यांच्या स्क्रूंची संख्या मधल्यापेक्षा दुप्पट असावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लोखंडी कैची किंवा नळी भिंतीवर नुसती टेकवू नये. भिंतीच्या माथ्यावर सळईसह काँक्रीटची पट्टी ओतून तीत बोल्ट पुरावेत आणि त्यांस ती जखडावी. ही पट्टी चारी भिंतींस कमरपट्ट्याप्रमाणे एकत्र धरते व भूकंपातही उपयोगी पडते. छपरात वाचविलेल्या पैशांतून एवढा खर्च अवश्य करावा.

आता उष्णतेचे. मे महिन्यात दुपारी पत्रा साठ अंशांपलीकडे तापतो आणि ती उष्णता सरळ खाली फेकतो. पत्र्याखाली वीतभर पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्याचे किंवा अन्य हलक्या फळ्यांचे दुसरे छत केल्यास आणि त्या पोकळीची दोन्ही टोके जाळी लावून हवेस मोकळी ठेवल्यास खोलीत मोठा फरक पडतो. वरून पांढरा रंग दिल्यास निम्मे ऊन परत जाते. पत्र्यास मात्र चुना फासू नये, ओला चुना जस्ताचा लेप खातो. पत्र्यासाठी पांढरा तैलरंग आणि स्लॅबसाठी चुना, असा भेद ठेवावा. भिंतीची उंची दहा फुटांहून कमी नसावी आणि समोरासमोरच्या भिंतींत माथ्याजवळ झरोके असावेत. पत्र्यावर कडबा किंवा पऱ्हाटी पसरून गारवा मिळविण्याची चाल सोडून द्यावी. चुलीच्या एका ठिणगीने घर जाईल.

सिमेंटचे पत्रे आणि कौले

सिमेंटचा पत्रा जस्ती पत्र्याहून कमी तापतो व पावसात कमी वाजतो, म्हणून तो पुष्कळांस आवडतो. परंतु बाजारातील अशा पुष्कळ पत्र्यांत अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते कापताना, छिद्र पाडताना किंवा फुटल्यावर त्यांची धूळ श्वासाबरोबर फुफ्फुसात जाते आणि पुढे अनेक वर्षांनी असाध्य रोग उद्भवतात. जागतिक आरोग्य संघटनेने अॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगजनक ठरविले आहेत. राहत्या घरास असा पत्रा घालू नये. घ्यावयाचाच असेल तर अॅस्बेस्टॉसविरहित आहे असे लिहिलेला घ्यावा. जुना पत्रा घरावर असेल तर तो फोडू नये, घासू नये, आणि त्याचे तुकडे अंगणात किंवा गोठ्याच्या भरावात टाकू नयेत. शिवाय हा पत्रा ठिसूळ असतो. दुरुस्तीस चढलेला माणूस त्यातून आरपार खाली येतो. त्यावर चढताना फळी टाकल्याशिवाय पाऊल ठेवू नये.

मंगलोरी कौले बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरास तयार करण्यास आरंभ केला आणि तेथून ती पश्चिम भारतभर पसरली. भाजलेल्या मातीचे हे छप्पर फटींतून हवा खेळू देते, म्हणून ते पत्र्याहून थंड. स्लॅबच्या चौथाईहून कमी वजनाचे, म्हणून जुन्या भिंतीस सोसणारे. एक कौल फुटले तर एकच बदलावे लागते. त्याची अडचण लाकडाची. चांगले सागवान आता परवडत नाही, म्हणून वाशांच्या जागी लोखंडी नळ्या वापरणे सोयीचे. उतार मात्र भरपूर हवा, दोन फुटांस एक फूट. जेथे वानरांचा उपद्रव आहे तेथे कौले टिकत नाहीत आणि मोठ्या गारांनीही ती फुटतात. या दोन गोष्टी सोडल्या तर ओसरी, माजघर किंवा अभ्यासाची खोली यांसाठी कौलांस आजही तोड नाही. ती मागे पडली ती गुणांच्या अभावी नव्हे, चालीच्या बदलामुळे.

खोली कशासाठी आणि कोणासाठी

एकाच छपराने सर्व गरजा भागत नाहीत. सोयाबीनचे बियाणे नाजूक असते. तापलेल्या पत्र्याखाली दोन महिने पडलेल्या बियाण्याची उगवण घटते आणि जूनमध्ये दुबार पेरणीचा प्रसंग येतो. तेव्हा बियाण्याची खोली पत्र्याची असेल तर तीस खालून दुसरे छत हवेच. जनावरांचा गोठा किंवा अवजारांची पडवी यांस साधा पत्रा पुरतो. रेशीमकिड्यांचे संगोपन करावयाचे असेल तर तापमान २४ ते २८ अंशांत राखावे लागते. तेथे उघड्या पत्र्याचा विचारही करू नये.

आणि स्वयंपाकाची खोली? प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात २०१६ पासून घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरले आहे व त्यातच स्वयंपाकाची जागा येते. घर भरू लागले की पहिली चूल बाहेर जाते, ती पत्र्याच्या आडोशाखाली. वर तापलेला पत्रा, समोर पेटलेली चूल, अशा जागी घरची बाई दिवसाचे चार-पाच तास काढते, आणि छपराचा निर्णय मात्र पारावर बसून तिच्यावाचून होतो. ज्या खोलीत जे माणूस अधिक वेळ राहणार, त्याचे मत प्रथम घ्यावे, एवढा साधा नियम पाळला तरी अनेक खोल्यांची उंची वाढेल आणि झरोके निघतील.

छपराचा आणखी एक उपयोग बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी मिळते. आपल्या वीस चौरस मीटरच्या छपरावर ६५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याचा पाचवा भाग वाया गेला, तरी १०,४०० लिटर पाणी हाती येते. पाच माणसांस पिण्या-स्वयंपाकासाठी माणशी ७ लिटर धरल्यास रोज ३५ लिटर लागतात. पाच हजार लिटरची टाकी भरून झाकून ठेवली तर ती एकशे चाळीस दिवस पुरते. म्हणजे माघापासून मृगापर्यंतची सोय घरच्या छपरावर होते. जस्ती पत्रा, कौले आणि स्वच्छ स्लॅब यांवरून हे पाणी घेता येते. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे, पुढील पाणी वाळू-कोळशाच्या गाळणीतून घ्यावे व पिण्यापूर्वी उकळावे. मातीच्या धाब्याचे व अॅस्बेस्टॉसच्या पत्र्याचे पाणी पिण्यास घेऊ नये.

सूर्यपट बसविण्याचा विचार असणाऱ्यांनीही स्लॅबच हवा असे मानू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेमुळे घरावरील वीजनिर्मितीकडे अनेकांचे लक्ष गेले आहे. एका किलोवॅटला सुमारे दहा चौरस मीटर जागा लागते. भक्कम कैचीवरील दक्षिण-उताराच्या पत्र्यावर हे पट बसतात. फक्त कैच्या तयार करतानाच त्यांचे वजन लोहारास सांगून ठेवावे.

निर्णयाचा क्रम

तेव्हा हसनाबाद परिसरातील शेतकऱ्याने वाढीव खोलीचा बेत करताना प्रश्नांचा क्रम उलटा करावा. ‘स्लॅब परवडेल का’ हा पहिला प्रश्न नसून शेवटचा आहे. प्रथम, छप्पर ज्या भिंतींवर बसणार त्या नव्या आहेत की जुन्या? एक जरी भिंत जुनी दगडमातीची असेल तर हलके छप्पर घ्यावे आणि तेही शक्यतो स्वतंत्र खांबांवर. दुसरे, पाया मुरमापर्यंत गेला आहे काय? नसेल तर स्लॅबचा विषय तेथेच संपतो. तिसरे, चौदा दिवस पुरेल एवढे पाणी त्या महिन्यात खात्रीने मिळेल काय? चौथे, खोलीत राहणार कोण, किंवा ठेवणार काय? या चारांची उत्तरे समाधानकारक असतील आणि कर्ज न काढता किंवा हंगामाच्या भांडवलास हात न लावता खर्च निभत असेल, तर स्लॅब जरूर घालावा. अन्यथा नीट जखडलेला, पांढरा रंगविलेला, खाली दुसरे छत असलेला पत्रा किंवा कौले हे कमीपणाचे लक्षण न मानता शहाणपणाचे मानावे.

बियाण्याची पिशवी घेताना शेतकरी तिच्यावरील चिठ्ठी वाचतो, जमिनीचा पोत पाहतो, पावसाचा अंदाज घेतो आणि मगच पेरतो. एका हंगामाच्या पिकासाठी एवढी काळजी घेणाऱ्याने ज्या छपराखाली दोन पिढ्या निजणार, त्यासाठी त्याहून थोडी अधिक घ्यावी. नवी खोली बांधण्याआधी गवंड्यास बोलावून जुन्या भिंतीचा गिलावा दोन ठिकाणी खरवडून आतील दगड-माती पाहावी, तुळयांची टोके टोचून वाळवी तपासावी आणि धाब्यावरील मातीची जाडी पहार खुपसून मोजावी. अर्ध्या दिवसाचे हे काम आहे. छपराचा निर्णय त्यानंतर करावा.